झालर की ठिपके? एरिडिस क्रिस्पा आणि एरिडिस मॅक्युलोसा कशा ओळखायच्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आंबा घाट उतरताना रस्त्याकडेच्या जांभळावर फिकट गुलाबी फुलांचा लोंबता तुरा दिसला. बरोबरच्या एकाने ती एरिडिस क्रिस्पा नावाची आमरी, म्हणजे ऑर्किड, म्हणून सांगितली, दुसऱ्याने एरिडिस मॅक्युलोसा आणि गाडीच्या ड्रायव्हरने सीतेची वेणी. तुम्ही पाठवलेले दोन फोटो मोबाइलने खालून, आभाळाकडे तोंड करून काढलेले आहेत. त्याच झाडाखाली मोडून पडलेल्या फांदीवरही एक रोप होतं आणि ते घरच्या आंब्यावर बांधलं तर जगेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

आधी ड्रायव्हरदादांचा निकाल लावू, कारण ते सोपं आहे. सीतेची वेणी म्हणजे ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा. आसामात हिलाच कपौ फूल म्हणतात, बिहूत मुली ती अंबाड्यावर माळतात. तिचा तुरा भरगच्च असतो, कोल्ह्याच्या शेपटीसारखा; फुलांमधून दांडा दिसतच नाही. तुमच्या फोटोत दोन फुलांच्या मधून हिरवा दांडा स्वच्छ दिसतोय. शिवाय सीतेच्या वेणीच्या फुलाची सोंड, म्हणजे ओठामागची (ओठ ही फुलाची वेगळ्या घडणीची पाकळी) ती मधाची पिशवी, दोन्ही बाजूंनी चपटी आणि मागे वळलेली असते. एरिडिसची सोंड पुढे, ओठाच्या खालच्या अंगाला वळते. एकदा हे डोळ्यात बसलं की पुन्हा चुकत नाही. पण ड्रायव्हरदादांना नावं ठेवू नका. आपल्याकडे झाडावरून लोंबणाऱ्या कुठल्याही गुलाबी तुऱ्याला सीतेची किंवा द्रौपदीची वेणी म्हणायची रीत आहे. एका गावची सीता पलीकडच्या गावात द्रौपदी होते. म्हणून या उत्तरात मी शास्त्रीय नावंच वापरते.

आता राहिल्या क्रिस्पा आणि मॅक्युलोसा. दोन्ही सह्याद्रीतल्या, दोन्ही झाडावर वाढणाऱ्या, दोन्हींचा बहर मे अखेरीपासून जुलैपर्यंत. त्यामुळे ‘जूनमध्ये फुलली म्हणजे अमुक’ असं म्हणायला जागाच नाही. मी गेली सव्वीस वर्षं कोल्हापूर, राधानगरी, आंबोली या पट्ट्यात आमरी बघत हिंडते, आणि या दोघींवरून होणारे वाद अजून थांबलेले नाहीत. बहुतेक वाद एकाच कारणाने होतात: लोक रंगावरून नाव ठरवतात.

पुस्तकी वर्णन रंगाचंच असतं, त्याला इलाज नाही. क्रिस्पा पांढरी, पाकळ्यांच्या टोकांना गुलाबी झाक, ओठ गडद गुलाबी. मॅक्युलोसा फिकट गुलाबी किंवा जांभळट, सगळ्या पाकळ्यांवर जांभळे ठिपके, ओठ चांगला गर्द जांभळट गुलाबी. मॅक्युलोसा या लॅटिन शब्दाचा अर्थच ठिपक्यांची. ऐकायला छान वाटतं. पण चार दिवस पावसात भिजलेली मॅक्युलोसा बघा. ठिपके विरलेले, पाकळ्या पांढुरक्या. दाट सावलीतल्या रोपावर ठिपके मुळातच इतके पुसट असतात की खालून, वीस फुटांवरून, दिसायचे नाहीत. तुमच्या दुसऱ्या फोटोत तर मागे पांढरं आभाळ असल्यामुळे सगळंच फूल काळपट आलंय. त्यावरून ‘ठिपके नाहीत म्हणजे क्रिस्पा’ असं म्हणणाऱ्याचं मला नवल वाटतं.

मी काय करते ते सांगते. तुऱ्याला हात लावायचा नाही. झाडाखाली वाकून बघायचं. बहर अर्ध्यावर आला की खालच्या पानांवर, मॉसवर चारदोन फुलं गळून पडलेली असतातच. त्यातलं ताजं एक तळहातावर घ्यायचं, ओठ वर येईल असं. पाच पाकळ्या आणि सहावी वेगळ्या घडणीची, तो ओठ. त्याला तीन भाग असतात: बाजूचे दोन छोटे, कानासारखे, आणि मधला मोठा, पुढे आलेला. या मधल्या भागाचा काठ बघायचा. दहापट भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन मोठं करून बघितलं तरी चालतं.

क्रिस्पाच्या मधल्या भागाचा काठ फाटल्यासारखा, दातेरी, झालरीसारखा असतो. कात्रीने घाईघाईत कातरलेला पतंगाचा कागद आठवा. क्रिस्पा म्हणजे कुरळी, चुरगळलेली. मॅक्युलोसाचा काठ सलग असतो; फार तर थोडा लाटेसारखा वरखाली होतो, पण त्याला दाते नसतात. फूल शिळं झालं, रंग उडाला, कडा तपकिरी पडली तरी हा फरक टिकतो.

दुसरी खूण आकाराची, आणि त्यासाठी खिशात नाणं हवं. मॅक्युलोसाचं फूल दोन ते अडीच सेंटिमीटर, म्हणजे साधारण रुपयाच्या नाण्याएवढं. क्रिस्पाचं साडेतीन-चार सेंटिमीटरपर्यंत जातं. दहाच्या नाण्याबाहेरही ते सगळीकडून डोकावतं. फोटो काढताना फुलाशेजारी नाणं ठेवलं तर पाहणाऱ्याचे उपकार होतात. नुसत्या फुलाच्या फोटोवरून आकार कळत नाही, आणि हौशी लोकांचे नव्वद टक्के फोटो तसेच असतात. हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.

तुऱ्यावरून ओळखता येईल का? थोडंफार. क्रिस्पाचा तुरा लांब, सैल, पानांच्या बराच बाहेर लोंबणारा आणि पुष्कळदा फांद्या फुटलेला. मॅक्युलोसाचा आखूड आणि जरा दाट. पण मॅक्युलोसालाही जोमदार रोपावर फांद्या फुटतात, त्यामुळे ‘फांद्या आहेत म्हणजे क्रिस्पा’ हा नियम मी कधीच सोडून दिला.

खोडाचं प्रकरण जास्त घोटाळ्याचं आहे आणि त्यात माझी स्वतःची फजिती झालेली आहे. क्रिस्पाचं खोड लांब वाढतं, मीटरभर आणि कधी त्याहूनही, फांदीवरून खाली झुकतं, रंग बऱ्याचदा जांभळट. मॅक्युलोसाचं खोड आखूड आणि दणकट, पानं जाड, चामड्यासारखी, एकमेकांत घट्ट बसलेली. लांबून रोप मुठीएवढं, ठेंगणंठुसकं दिसतं. दोन्हींच्या पानांची टोकं दोन असमान भागांत दुभंगलेली, त्यामुळे टोकावरून काही कळत नाही. कडक उन्हात दोन्हींच्या पानांवर जांभळट छटा येते, तीही निरुपयोगी.

तर झालं असं. पंधराएक वर्षांपूर्वी एका घाटरस्त्याच्या रुंदीकरणात झाडं तोडली जात होती. काम करणाऱ्यांनी आम्हाला दोन दिवस दिले, परवानगीचा कागद हातात होता, आणि आम्ही तोडलेल्या फांद्यांवरून आमरी सोडवून शेजारच्या जंगलातल्या झाडांवर बांधत होतो. मार्च महिना, एकाही रोपावर फूल नाही. अकरा रोपं लांब खोडाची निघाली. मी ऐटीत अकराही पट्ट्यांवर ‘क्रिस्पा’ लिहिलं. पुढच्या जूनला बघायला गेले तर अकरापैकी सात रोपांवर ठिपकेदार, सलग काठाची फुलं! दाट सावलीत, जुन्या आंब्याच्या आतल्या फांद्यांवर वाढलेल्या मॅक्युलोसाच होत्या त्या. उजेडासाठी ताणल्या गेलेल्या, खालची पानं गळलेली, म्हणून खोड लांब दिसत होतं. नीट बघितलं असतं तर पानांतलं अंतर क्रिस्पाएवढं नव्हतं, हे तेव्हाच कळलं असतं. त्या दिवसापासून फूल नसलेल्या रोपाच्या पट्टीवर मी नुसतं ‘एरिडिस’ लिहिते आणि पुढे तारीख टाकते. विद्यार्थ्यांना हे आवडत नाही. त्यांना यादीत पूर्ण नाव हवं असतं.

वाळवलेल्या नमुन्यांचीही हीच गत. दाबून वाळवल्यावर आठवड्याभरात दोन्हींची फुलं एकसारखी तपकिरी होतात, ठिपके गायब. ज्याने गोळा करताना चिठ्ठीवर रंग लिहिला नाही, त्याच्या नमुन्यात पुढे ओठ भिजवून, उलगडून काठच बघावा लागतो. मऊ झालेला ओठ सुईने पसरवणं हे किचकट काम आहे. घाई केली की तो फाटतो, आणि मग फाटलेला काठ झालरीसारखा दिसायला लागतो. हसू नका, असं झालेलं मी पाहिलंय.

नावांबद्दल एक गोष्ट, कारण तुम्ही जुनी पुस्तकं चाळणार असं तुमच्या पत्रावरून वाटतं. एरिडिस ही प्रजाती, म्हणजे जवळच्या जातींचा गट, पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ लुरेरो यांनी १७९० मध्ये केली. नावात हवा आहे, कारण ही रोपं हवेवर जगतात असं तेव्हा वाटे. आपल्या या दोन्ही जातींना नावं दिली ती लंडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडले यांनी, क्रिस्पाला १८३३ मध्ये आणि मॅक्युलोसाला १८४५ मध्ये. जुन्या लिखाणात तुम्हाला क्रिस्पम आणि मॅक्युलोसम अशी रूपं दिसतील. ती वेगळी झाडं नव्हेत; लॅटिन व्याकरणातल्या लिंगाचा तो फरक आहे. एक गृहस्थ माझ्याकडे ‘चार जाती सापडल्या’ म्हणून यादी घेऊन आले होते. त्या दोनच होत्या, प्रत्येकी दोनदा लिहिलेल्या.

तिसरीही एक आहे, एरिडिस रिंजेन्स. फुलं अगदी लहान, सेंटिमीटरभर, आणि तुरा लोंबत नाही, उभा राहतो. ती तुमच्या फोटोतली नाही एवढं सांगून पुढे जाते.

जागेवरूनही अंदाज बांधता येतो, पण त्याचा उपयोग शंका घ्यायला करावा, निर्णय द्यायला नको. क्रिस्पाला ओल लागते. महाबळेश्वर, राधानगरी, आंबोली, तिथून खाली कर्नाटक, केरळ; घाटमाथ्यावरची सदाहरित, निमसदाहरित रानं, जिथे पावसाळाभर धुकं हटत नाही आणि वर्षाला पाच-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. मॅक्युलोसा जास्त काटक. ती घाटात आहेच, पण पानगळीच्या रानातही आहे. घाट उतरून कोकणच्या बाजूला, वर गुजरातच्या डांगपर्यंत, ऐनावर, आंब्यावर, हिरड्यावर. उन्हाळ्यात झाडाची सगळी पानं गळून फांद्या तापतात तरी ती तग धरते. जाड पानं हेच तिचं भांडवल. अशा जाड पानांच्या बऱ्याच आमरी दिवसा पानांवरची छिद्रं मिटून घेतात आणि रात्री उघडून हवा घेतात, म्हणजे पाणी कमी उडतं. तुम्ही जिथे थांबलात तो घाटाचा मधला टप्पा म्हणजे दोघींची सीमा. तिथे एकाच झाडावर दोघी शेजारी फुललेल्या मी पाहिल्यात.

तर मग तुमचा फोटो. पहिल्या फोटोत डाव्या कोपऱ्यात रोपाचं बूड दिसतंय. खोड आखूड, पानं दाट, जाड. तुरा पानांच्या दीडपट लांब असेल, त्याहून जास्त नाही. मोठं करून बघितलं तर सर्वात खालच्या फुलाच्या ओठाचा काठ सलग वाटतो. ठिपके दिसत नाहीत, पण ते दिसतील अशी अपेक्षाही नाही. माझं मत: मॅक्युलोसा. शंभर टक्के नाही, शंभरात पंच्याऐंशी. पुढच्या जूनमध्ये त्याच झाडाखाली पडलेलं एक फूल नाण्याशेजारी ठेवून फोटो पाठवा, उरलेले पंधराही देते.

आता पडलेल्या फांदीवरचं रोप. तुम्ही ते उचललं नाहीत, फोटो काढून आलात, हे बरं केलंत. राखीव जंगलातून काहीही उचलायचं तर वन खात्याची परवानगी लागते, मग ते झाडावरचं असो की खाली पडलेलं. शिवाय एरिडिससकट बहुतेक सगळ्या आमरी आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, तेव्हा ‘दोन रोपं विकली तर काय बिघडलं’ हा विचार कुणी बोलून दाखवला तर त्याला तिथेच थांबवा. पडलेल्या रोपासाठी करण्यासारखं उत्तम काम तिथल्या तिथे होतं. ते फांदीच्या तुकड्यासकट उचलून, वीसेक पावलांत दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात डोक्याएवढ्या उंचीवर टेकवायचं आणि काथ्याने किंवा सुती दोरीने घट्ट बांधायचं. वनरक्षकाला फोन करून सांगितलंत तर बहुतेक वेळा तोच मदतीला येतो. जमिनीवर राहिलं तर पावसाळा संपायच्या आत ते कुजतं, गोगलगायी कोवळी मुळं खातात.

मालकीच्या जागेत, म्हणजे स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या बागेत, फांदी पडली तर गोष्ट वेगळी. तिथे मालकाला विचारून बांधायला हरकत नाही. तेव्हा काय बघायचं तर साल. खडबडीत, सुटून न येणारी साल हवी: आंबा, जांभूळ, फणस उत्तम. पेरूवर बांधू नका, त्याची साल पापुद्र्यांनी सुटते आणि रोप सालीसकट खाली येतं. सकाळचं ऊन, दुपारची सावली. मुळांवर माती, शेणखत, नारळाचा भुसा काहीही थापायचं नाही. मुळं उघडीच राहायला हवीत. त्यांच्यावर स्पंजासारखं पांढरट आवरण असतं, तेच पाणी शोषतं. कोरडं असताना ते रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं होतं. बांधल्यानंतर महिना-दीड महिन्याने मुळांच्या टोकाला नवी हिरवी कांडी दिसली आणि ती सालीला चिकटायला लागली की जिंकलात. दोरी वर्षाने काढा. प्लॅस्टिकची सुतळी वापरू नका, ती कुजत नाही आणि खोडात रुतते. लोक प्रेमाने बांधतात आणि विसरतात. मग दोन वर्षांनी खोड गळफास घेतल्यासारखं आवळलेलं सापडतं.

समुद्रसपाटीला, तुमच्याकडे रत्नागिरीत, मॅक्युलोसा बहुधा रुळेल. क्रिस्पा असेल तर मात्र मी नकोच म्हणेन. जगते, पानं टिकवते, पण एप्रिल-मेच्या उकाड्यात तिची रया जाते, आणि बहर आला तरी चार फुलांचा. घाटमाथ्यावरचं धुकं बादलीने आणता येत नाही.

एक विनंती आहे, ती घरच्या आंब्याबद्दलच. बागेत साफसफाईला माणसं येतात तेव्हा ती कोयत्याने सगळंच ‘बांडगूळ’ म्हणून खरवडून काढतात. खरं बांडगूळ आंब्याच्या फांदीत मुळं घुसवतं आणि रस ओढतं. त्याची फांदी जिथून निघते तिथे आंब्याला गाठ आलेली असते. आमरीची मुळं सालीवर नुसती धरून असतात, आत शिरत नाहीत, आंब्याचं काही घेत नाहीत. आमच्या आजोळी माझ्या मामांनी एका दिवसात तीन झाडांवरच्या आमरी अशाच उतरवल्या होत्या, आंबा धरत नाही म्हणून. आंबा पुढच्या वर्षीही धरला नाही. कामाला लावताना माणसाला झाडाखाली उभं करून बोटाने दाखवा: हे गाठीवालं काढ, हे रुपेरी मुळ्यांचं ठेव.

बियांपासून घरी रोप करता येईल का, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. घरी नाही. एका बोंडात धुळीसारख्या असंख्य बिया असतात, पण त्या बीमध्ये अन्नाचा साठा नसतो. रानात ठरावीक बुरशीची सोबत मिळाली तरच ती रुजते. प्रयोगशाळेत बाटलीत साखर आणि क्षार घालून केलेल्या पोषक माध्यमावर रुजवतात, आणि तिथूनही फुलापर्यंत यायला काही वर्षं जातात. तुमच्या त्या जांभळावर बहरानंतर बोंडं धरली असतील तर ती झाडावरच राहू द्या. बोंड तडकलं की उरलेलं काम वारा करतो. जाल तेव्हा आसपासच्या फांद्यांवर, मॉसमध्ये, करंगळीच्या नखाएवढी दोन पानांची रोपं दिसतात का बघा. ती एरिडिसची निघाली, तरी त्यातली क्रिस्पा कोण आणि मॅक्युलोसा कोण, हे मला आत्ताच विचारू नका.